शून्य ओळी

आधी वायर बघायची.
हे मला वीरूपाक्ष मठपतीनं शिकवलं,
बेळगावच्या मुख्य ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसानं,
ज्याला सहा वर्षांत मी दोनदा पाहिलंय
आणि फोनवर रोज ऐकते:
ऊटा आत्रि?
मग, वायर बघ.

आज वायर ठीक होती.
खानापूरच्या दूध संघात शीतटाकीला लागून माझं टेबल,
कॉम्प्रेसर सुरू झाला की स्क्रीन एकदा डोळा मिटते.
मिटून उघडली आणि म्हणाली, कनेक्शन नाकारलं.
नाकारलं ना, मग बरं, वीरूपाक्ष म्हणाला,
म्हणजे पलीकडे नाकारणारं कोणीतरी जागं आहे.
काहीच उत्तर आलं नसतं तर काळजी.
रात्री वीज गेलेली. मशीन उठलं होतं,
सर्व्हिस झोपून राहिली होती
लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखी.
त्यानं तिला उठवलं.

दहा दिवसांचं बिल मागितलं.
रिपोर्ट आला. सुबक, बेरीज चोख, खाली तारीख,
एकही चूक दाखवत नव्हता.
अशाच रिपोर्टला मी भिते.
ओरडणाऱ्याला औषध असतं.

कारण खिडकीशी काळव्वा सुळकर उभी होती,
दहा दिवस, दोन्ही वेळचं दूध,
फॅट मीच लिहिलेली, सहा पॉइंट आठ,
आणि बिलात ती नव्हतीच.
"नीट बघ की गं. म्हस हाय न्हवं गोठ्यात?"

तिचं एकटीचं नाव शोधलं. शून्य ओळी.
नावामागं कोणीतरी एक मोकळी जागा टंकून ठेवलेली,
न दिसणारी. ती छाटली. सापडली काळव्वा.
सभासदांत आहे. दुधात आहे.
गावांच्या तक्त्याशी जोड घातली की गायब.

गोधडीचे टाके उसवावेत तशी एकेक जोड सोडवत गेले.
दुसऱ्याच टाक्याला हाती लागलं:
सभासदांच्या यादीत हेबाळ, एका ब-चं.
गावांच्या यादीत हेब्बाळ,
गेल्या महिन्यात कोणीतरी सुधारून ठेवलेलं.
एक बसच्या पाटीवर असतं, एक लग्नपत्रिकेत.
दोन्ही बरोबर.
पण मशीनला दोन बरोबर गोष्टी जुळवता येत नाहीत,
ते दोन सारख्या गोष्टी जुळवतं,
आणि न जुळणाऱ्याला गाळतं
गुपचूप, बेरीज न विस्कटता.
हेबाळचे एकोणतीस सभासद.

गावाला नंबर दे, वीरूपाक्ष म्हणाला,
नावावर कशाला जोडतेस? नंबरला उच्चार नसतो.
खरंय.
त्याच्या नावातला वि मी सहा वर्षं दीर्घ लिहिते
हे त्याला अजून कळलेलं नाही.

तोवर जोड सैल केली:
डावीकडचे सगळे घे, उजवीकडे सापडो न सापडो.
एकोणतीस ओळी आल्या,
गावाचा रकाना रिकामा घेऊन.
मग नंबर भरले. अकरावर चहा आला तो तसाच निवला.
मग गाव आलं.

प्रिंटरच्या फॉन्टमध्ये ळ नाही.
कितीदा कळवलं.
काळव्वात एक चौकोन, सुळकरात एक,
हेब्बाळच्या शेवटी एक.
थांब, म्हटलं, दुसरा कागद काढते.
तिनं आधी रक्कम वाचली, ओठ हलवत, दोनदा.
मग माझं पेन घेतलं
आणि तिन्ही चौकोनांत ळ भरला,
कानडी शाळेतला, वाटोळा,
शेवटचा जरा चौकोनाबाहेर गेलेला.

तोच कागद फाइलला लावला.
उरलेले अठ्ठावीस छापायला घेतले.
कॉम्प्रेसर सुरू झाला.
स्क्रीननं डोळा मिटला.